गावची गाडी आणि मुंबईतली बस एकमेकींना भेटू द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मुंबईतल्या बसबद्दल तुमच्या पेपरात नेहमी येत असतं, गाड्या कमी झाल्या, भाडं वाढलं, स्टॉपवर गर्दी, सगळं खरंच आहे आणि मी ते वाचतो. पण ते लिहिणारे बहुतेक मुंबईत राहणारे असतात. आमच्यासारखे जे कराड, पाटण, सांगली, चिपळूण इकडनं रात्रीच्या गाडीत बसतात आणि पहाटे अंधारात सायनला नाहीतर चेंबूरच्या मैत्री पार्कला पिशव्या घेऊन उभे राहतात, त्यांचं कोणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र, थोडं लांबलं तरी छापा ही विनंती.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, तिची परळच्या टाटा हॉस्पिटलला ट्रीटमेंट चालू आहे. दर २१ दिवसांनी केमो. त्यामुळं गेलं वर्षभर आमचा कराड ते परळ हा रस्ता पाठ झालाय. शक्यतो आम्ही एसटीनंच जातो. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं तरी आक्काचं अर्धंच लागतं, आणि आजारपणात महिन्याला असा वाचलेला पैसा किती कामाला येतो ते ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्यालाच कळेल. शिवाय एसटी थेट परळला किंवा मुंबई सेंट्रलला जाणारी मिळाली तर निम्मी चिंता मिटते.

पण मागे एकदा लग्नसराईत रिझर्वेशन फुल्ल झालं आणि नाइलाजानं प्रायव्हेट ट्रॅव्हल्सची स्लीपर केली. नाव लिहीत नाही, कारण एकाच गाडीवाल्याचा हा प्रश्न नाही. गर्दीच्या काळात सुद्धा एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही असा २०१८ चा शासनाचा निर्णय आहे, आम्ही त्याच्या वर दिलं, गरज होती म्हणून दिलं. बुकिंग करताना दादरपर्यंत गाडी जाईल असं सांगितलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला क्लीनरनं पडदा बाजूला करून हाक मारली, सायन सायन, चला उतरा, गाडी पुढं जाणार नाही. आक्काला उलटीचा त्रास, अंगात त्राण नाही, तिला हाताला धरून त्या उंच पायऱ्या उतरवेपर्यंत गाडी सुटायच्या बेतात. उतरलो ते फ्लायओव्हरच्या खाली. हातात रिपोर्टची मोठी फाईल, एक्स-रेचं पाकीट, डबा, एक चादर. आक्का फूटपाथच्या कडेला चादरीवर बसली आणि मी बस शोधायला लागलो.

आता खरी गोष्ट इथं सुरू होते साहेब. मला बसनं जायचं होतं आणि बसनं जाता येतं हे मला माहीत होतं. सायन ते टाटा पाच-साडेपाच किलोमीटर. बेस्टचं, म्हणजे मुंबईतल्या बसचं भाडं ९ मे २०२५ पासून दुप्पट झालं तरी पाच किलोमीटरला साध्या गाडीत १० रुपये आणि एसीत १२, म्हणजे अंतर पाचच्या थोडं पुढं गेलं तरी दोघांचं फार तर तीस-चाळीसात भागतं. पण पहिली बस कितीला, कुठल्या बाजूच्या स्टॉपवरून, कुठल्या नंबरची, हे सांगणारा एक बोर्ड मला त्या अंधारात सापडला नाही. टॅक्सीवाले मात्र लगेच जमा झाले. चारशे. मीटरनं चला म्हणलं तर कोणी तयार होईना. मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतं, रात्री १२ ते पहाटे ५ पर्यंत पंचवीस टक्के जास्त, म्हणजे हिशोब केला तर सव्वाशे-दीडशेच्या पुढं जायला नको. शेवटी अडीचशेवर ठरलं आणि गेलो, कारण आक्काला तिथं अजून तासभर बसवणं शक्य नव्हतं. टॅक्सीवाल्याला सुद्धा मी पूर्ण दोष देत नाही, तो रात्रभर जागा होता. पण आपल्याला दुसरा रस्ता माहीत नसला की समोरचा सांगेल तो भाव, हे तर झालंच.

तिथं उभा असताना आणखी एक माणूस भेटला, सांगोल्याकडचा, लेकाला केईएमला दाखवायला निघालेला. तो सगळ्यांना विचारत होता, सायनचा बसस्टॉप कुठं आहे. आणि आम्ही ज्या स्टॉपच्या जवळच उभे होतो त्या चौकाचं नाव बेस्टच्या हिशोबात राणी लक्ष्मीबाई चौक. आता गावाकडनं आलेल्या माणसाला हे कसं कळावं? एसटीचा कंडक्टर सायन म्हणून ओरडतो, रेल्वे स्टेशनवर मराठीत शीव लिहिलेलं असतं, आणि बसच्या पाटीवर राणी लक्ष्मीबाई चौक. दादर टीटीचं पण तसंच, पाटीवर खोदादाद सर्कल. फोर्टातलं म्युझियम म्हणजे डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी चौक. ही नावं चांगली आहेत, मोठ्या माणसांची आहेत, ती काढा असं मी अजिबात म्हणत नाही. पण खाली कंसात का होईना लोकांच्या तोंडातलं नाव आणि जवळच्या हॉस्पिटलचं नाव मोठ्या अक्षरात लिहायला काय हरकत आहे? मुंबईला रोज एवढी माणसं येतात त्यातली कितीतरी टाटा, केईएम, जेजे, नायर, सायन हॉस्पिटल या नावांसाठीच येतात. त्यांच्यासाठी तेच मुंबईचे स्टॉप आहेत.

मी लहान असताना मुंबईत बसनं फिरणं एवढं अवघड वाटायचं नाही. आमचे चुलते लालबागला मिलमध्ये होते, सुट्टीत वडील आम्हाला घेऊन जायचे. वडील चौथी शिकलेले, इंग्रजी अक्षर ओळख नाही, पण ते अख्खी मुंबई बसनं फिरायचे. कारण बेस्टच्या गाडीला पुढं नंबर मराठीत असतो. मला त्यांनी स्टॉपवर उभं करून शिकवलेलं, गाडी समोरून येताना मराठी आकडा वाचायचा, बाजूनं गेली तर इंग्रजी, आणि हात आधी करायचा. सायनवरून फोर्टात जायला ६६ नंबर, हे मला पाढ्याच्या आधी पाठ होतं. तो लांबूनच दिसणारा ६६ अजून डोळ्यासमोर आहे. आणि कंडक्टरची ती पत्र्याची तिकिटाची पेटी, रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या, बोटानं सर्र्कन एक काढून टकटक करून पंच करायचा. आम्ही पोरं तिकिटं साठवायचो. वडील चढल्या चढल्या त्याला सांगायचे, मास्तर लालबाग आलं की सांगा, आणि तो खरंच सांगायचा, गर्दीतनं मान वर काढून सांगायचा, ओ सातारकर उतरा.

त्या काळातलं सगळं परत आणा असं म्हणत नाही. डबलडेकर गेली, साध्या डबलडेकरची शेवटची फेरी सप्टेंबर २०२३ मध्ये झाली, आता एसी आणि बॅटरीवरच्या गाड्या आहेत, त्या खरोखर चांगल्या आहेत, केमोनंतर आक्काला त्या थंड गाडीत बरं वाटतं, आवाज नाही, धूर नाही. मोबाईलवर बस कुठं आली ते दिसतं ही पण मोठी सोय आहे, मी वापरतो. पण एकेकाळी चार हजारांवर गाड्या होत्या त्या आता तीन हजारांच्या आत आल्यात, आणि काही रूटवर गाडीत कंडक्टरच नसतो, तिकीट खाली स्टॉपवर काढायचं. मुंबईकराला त्यानं फरक पडत नसेल, त्याला उतरायचं कुठं ते माहीत असतं. नवख्या माणसाला गाडीत विचारायला कोण उरलं मग? ड्रायव्हरला विचारू नका अशी पाटी असते आणि ती बरोबरच आहे.

जिथं कंडक्टर आहेत तिथं अनुभव फार चांगला आहे हे मला मुद्दाम लिहायचंय. मागच्या खेपेला परतीच्या वेळी दादरला जायला बसमध्ये चढलो, आक्काच्या डोक्याला रुमाल बांधलेला, कंडक्टरनं बघितलं आणि काही न विचारता पुढच्या सीटवरच्या पोराला उठवलं. मग तिकीट देताना हळूच म्हणाला, मावशी तुम्ही निवांत बसा, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उठायचं नाही, मी सांगतो. उतरताना खाली उतरून त्यानं तिची फाईल धरली. तिला घरी येईपर्यंत त्याचंच कौतुक. अशी माणसं गाडीतनं कमी करून पैसे वाचत असतील तर ते कुठून वाचतात ते कुणीतरी बघावं.

माझी मागणी फार मोठी नाही. नवीन पूल नको, मेट्रो नको. पुण्याकडनं आणि कोकणातनं येणाऱ्या गाड्या जिथं माणसं उतरवतात त्या जागा सगळ्यांना माहीत आहेत, मैत्री पार्क, सायन, दादर. नाशिककडनं येणाऱ्यांना ठाणं, मुलुंड चेकनाका, शिवाय कुर्ला नेहरूनगर, बोरिवली नॅन्सी कॉलनी ही एसटीची स्टँडं. या ठिकाणी एक उजेड असलेला बोर्ड लावा. त्यावर इथून कुठल्या हॉस्पिटलला, कुठल्या स्टेशनला, कुठल्या नंबरची बस, पहिली बस कितीला, आणि स्टॉप रस्त्याच्या या बाजूला की त्या बाजूला. नंबर मराठीत मोठा. शेजारी एक बाकडं आणि एक संडास, बायाबापड्यांची त्या वेळेला काय अडचण होते ते पुरुषाच्या लक्षात येत नाही, मलाही आक्का बरोबर असल्यामुळंच आलं. आणि रात्रीच्या गाड्या साधारण चार ते सहामध्ये येतात हे माहीत असताना त्या वेळेत दोन-तीन बस हॉस्पिटलच्या बाजूला सोडल्या तर त्या रिकाम्या जाणार नाहीत हे मी लिहून देतो.

अडचण मला समजते. एसटी राज्याची, बेस्ट महापालिकेकडची, वाशी-नेरूळला एनएमएमटी, ठाण्यात टीएमटी, आणि ट्रॅव्हल्सवाले कुणाचेच नाहीत. प्रत्येकजण आपापल्या हद्दीचा बोर्ड लावणार. एसटीच्या स्टँडवर बेस्टचा नंबर लिहायचा कुणी? पण प्रवासी एकच असतो ना, कराडला एसटीत बसलेला तोच माणूस सायनला बेस्टची वाट बघत असतो. १५ जुलै १९२६ ला मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली, म्हणजे २०२६ मध्ये बेस्टच्या बसला शंभर वर्षं. एसटी १९४८ पासून आहे. एवढ्या वर्षांच्या दोन संस्थांनी एका टेबलावर बसून बोर्डाचा मजकूर ठरवायला एक दुपार पुरेल, असं मला मनापासून वाटतं.

तोपर्यंत आम्ही आमच्यापुरती सोय केली आहे. आक्काच्या नातीच्या शंभरपानी वहीत मी शेवटच्या पानावर सगळं लिहिलंय, कुठं उतरायचं, कुठल्या बाजूला रस्ता ओलांडायचा, पाटीवर काय नाव असतं आणि लोक काय म्हणतात, मीटरनं अंदाजे किती होतात. खालच्या आळीतले दोघेजण त्याचा मोबाईलवर फोटो काढून घेऊन गेले. परवा कराड स्टँडवर रात्री गाडीची वाट बघताना एक अनोळखी बाई आली, तिचा नवरा ॲडमिट आहे, ती पहिल्यांदाच एकटी निघाली होती. तिच्याकडं साधा फोन. तिला ते पान उजेडाला बसून पेनानं उतरवून दिलं, अर्धं झालं आणि गाडी लागली, बाकीचं गाडीत लिहिलं.

आपला,
एसटीचा एक प्रवासी
ता. कराड, जि. सातारा