टॉवरच्या पायातली पट्टी कोण बघणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला, मोठी लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि आमच्याकडे संध्याकाळभर लाइट नव्हती. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच नेहमीचं, वीज पडली म्हणून पुरवठा खंडित. मी 29 वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात विजेच्या टॉवर लाइनच्या मेंटेनन्सला होतो म्हणून राहवत नाही, लिहितोय. वीज पडणं आपल्या हातात नाही हे खरं, पण वीज पडल्यावर लाइन ट्रिप होणार की नाही हे बरंचसं टॉवरच्या खालच्या अर्थिंगवर, म्हणजे करंट जमिनीत उतरवणाऱ्या पट्टी-पाइपवर ठरतं, आणि ते पूर्णपणे आपल्याच हातात आहे.

टॉवरच्या अगदी टोकाला जी बारीक तार दिसते ती अर्थ वायर. वीज खालच्या चालू तारांवर न पडता तिच्यावर पडावी म्हणून ती लावलेली असते. तिथून करंट टॉवरच्या लोखंडातून खाली जमिनीत जायला पाहिजे. पण जमिनीनेच नीट घेतला नाही तर काही मायक्रोसेकंदांत अख्ख्या टॉवरचं व्होल्टेज इतकं चढतं की ते, चालू तारा ज्यांना टांगलेल्या असतात त्या चिनीमातीच्या डिस्कवरून उलटं चालू तारेवर उडी मारतं. याला बॅक फ्लॅशओव्हर म्हणतात. साधा हिशोब बघा, विजेचा करंट धरा 30 हजार अँपिअर, अर्थिंगचा रेझिस्टन्स, म्हणजे जमिनीत जाताना होणारा अडथळा, 10 ओहम असेल तर 3 लाख व्होल्ट, 60 ओहम असेल तर 18 लाख. 220 केव्हीच्या, म्हणजे 2 लाख 20 हजार व्होल्टच्या लाइनवरच्या डिस्कच्या माळेला असला झटका साधारण 10 लाख व्होल्टपर्यंत झेपतो. प्रत्यक्षात थोडा करंट अर्थ वायरवरून शेजारच्या टॉवरकडे जातो त्यामुळे आकडे कमी होतात, पण फरक कुठे पडतो ते कळतं. म्हणून तर 10 ओहमच्या आत ठेवा असं सांगतात.

आता आमचा सडा, म्हणजे कोकणातलं डोंगरमाथ्याचं सपाट कातळ. वर सगळा जांभा दगड, माती वीतभर, कुठे तीही नाही. देशावरच्या काळ्या मातीत पाइप ठोकला, कोळसा मीठ टाकलं की काम होतं, इथे पहारसुद्धा आत जात नाही. सड्यावरच्या एका टॉवरचं रीडिंग मी स्वतः मे महिन्यात घेतलं होतं, 62 ओहम. तोच टॉवर ऑगस्टमध्ये 17. आणि कागदावर ऑगस्टचाच आकडा चढला, कारण इन्स्पेक्शन तेव्हा होतं! अहो पण कोकणात गडगडाट जास्त कधी असतो, मे संपताना आणि परतीच्या पावसात, जुलै ऑगस्टच्या झडीत विजा फारशा नसतातच. म्हणजे विजांचा पहिला मारा येतो तेव्हा जमीन सगळ्यात कोरडी असते आणि आपण मोजतो कधी तर ती चिंब भिजल्यावर.

दुसरी गोष्ट मीटरची. अर्थ वायर जोडलेली असताना साध्या मेगरने, म्हणजे अर्थिंग मोजायच्या नेहमीच्या मीटरने मोजलं तर शेजारच्या सगळ्या टॉवरांचं अर्थिंग मिळून रीडिंग येतं, 3-4 ओहम, बघायला एकदम छान. चालू लाइनवर अर्थ वायर काही सोडता येत नाही, त्यामुळे हाय फ्रिक्वेन्सीवाला मीटरच पाहिजे, तो प्रत्येक डिव्हिजनला का नसावा?

आणि पट्टी. टॉवरच्या लेगपासून जमिनीत जाणारी जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची पट्टी भंगारासाठी कापून नेतात. मी एका पेट्रोलिंगला बघितलं, जमिनीच्या वर दोन बोटं पट्टी शिल्लक, हॅक्सॉने सरळ कापलेली, कापलेल्या जागी गंज चढलेला, म्हणजे दोन तीन पावसाळे तरी तसेच गेले असणार. वर दुर्बिणीतून बघितलं तर त्याच टॉवरच्या डिस्कवर पांढरे करपलेले डाग. मी लिहून दिलं, पुढचा पावसाळाही तसाच गेला.

उपाय काही परदेशातून आणायचा नाहीये. पाइप जात नसेल तिथे काउंटरपॉईज टाका, म्हणजे चारी लेगपासून चार दिशांना जमिनीत पुरलेली तार, शक्यतो मातीच्या खोलगट जागेकडे नेलेली. एकच लांबलचक तार नको, विजेचा करंट इतका झटक्यात येतो की लांबच्या टोकाचा उपयोग होत नाही, चार मध्यम तारा बऱ्या. तेवढ्यानेही भागत नसेल तर त्या निवडक टॉवरांवर लाइन अरेस्टर, म्हणजे विजेचा जादा झटका डिस्कला बगल देऊन वळवणारं उपकरण बसवा.

हे नुसतं लाइटपुरतं नाही. अर्थिंग खराब असलेल्या टॉवरवर वीज पडली की पायाभोवतीच्या जमिनीतही व्होल्टेज पसरतं, गुराचे पुढचे मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात त्यामुळे त्याला जास्त धोका. आमच्याकडे लोक सर्रास टॉवरच्या लेगला गुरं बांधतात, कृपा करून बांधू नका, आणि गडगडाट सुरू झाला की स्वतःही तिथे आडोशाला थांबू नका.

आत्ता वळवाचे दिवस आहेत, ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाला अजून वेळ आहे. तेवढ्यात निदान सड्यावरचे टॉवर तरी नीट मोजून घ्यावेत आणि आलेले आकडे तारखेसकट लोकांना बघायला ठेवावेत. आणि कोणाला पट्टी कापलेली दिसली तर हात न लावता टॉवरवरच्या पाटीवरचा नंबर लिहून घ्या आणि जवळच्या सबस्टेशनला कळवा, त्या नंबरावरून गँग थेट तिथे पोचते.

आपला,
एक निवृत्त लाइन कर्मचारी
जि. रत्नागिरी