सूचना: रविवारी जुन्या व्हिडिओ कॅसेट घेऊन या

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सायंकाळी ४ वाजता, फोंड्यातील आपल्या वाचनालयाच्या सभागृहात वाड्यावाड्यांवरच्या व्हिडिओ लायब्ररींच्या आठवणी जागवायच्या आहेत. चवथीच्या जागरणाला व्हीसीआर भाड्याने आणणारे, रात्रीत तीन पिक्चर संपवून सकाळी कॅसेट परत करणारे, सगळ्यांनी यावे. कोणी असे दुकान चालवले असेल तर त्यांना आग्रहाने आणा. त्यांचे अनुभव आधी ऐकायचे आहेत.

घरातल्या व्हीएचएस कॅसेट, सभासद कार्ड, पावत्या जरूर आणा. मात्र:

१. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावू नका, वेगळ्या पिशवीत आणा. आपल्या पावसाळी दमटपणात ती हमखास धरते, आणि व्हीसीआरचे हेड (फीत वाचणारा भाग) खराब करते. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी २०१६ मध्ये थांबली. आता सुटे भाग मिळणे कठीण.
२. लग्न-मुंजीच्या कॅसेटच्या कडेची छोटी प्लॅस्टिक पट्टी शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही.
३. कॅसेटवर नाव लिहा, रिवाइंड करून आणा.

नावे शनिवारपर्यंत काउंटरवर नोंदवावीत.