काका, डलिच हॅम्लेटचा नाद लावल्याबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आणि काकू लंडन सोडून लेकीकडे उत्तरेला राहायला चाललात हे कळलं, आणि जाण्याआधी तुमचे रीतसर आभार मानायचे असं आम्हा सगळ्यांचं ठरलं. पत्र मुद्दामच उघडं लिहितोय. डलिच हॅम्लेट हा दक्षिण लंडनमधला आपला छोटा फुटबॉल क्लब, आणि त्याचा नाद तुम्ही लावलात. दक्षिण लंडनमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला शनिवारची दुपार खायला उठते. तुम्ही आम्हाला जे शिकवलंत, ते त्यालाही मिळावं.

आधी इंग्लिश फुटबॉलच्या शिडीबद्दल आभार. प्रीमियर लीगपासून लीग टूपर्यंत चार पायऱ्या, त्यांत ९२ क्लब, आणि त्याखालचं सगळं नॉन-लीग, एवढं कुणीही सांगेल. तुम्ही त्याच्या पुढचं सांगितलंत. पाचवी पायरी नॅशनल लीग, सहावी तिचे उत्तर आणि दक्षिण विभाग, सातवीवर एकमेकांशेजारी चार विभाग, आणि त्यांतला एक आपला इस्थमियन प्रीमियर. क्लब २२, म्हणजे सामने ४२, त्यांतले २१ घरचे. पहिला येणारा थेट वर जातो, दुसरा ते पाचवा वर जायच्या उरलेल्या जागेसाठी बाद सामने, म्हणजे प्ले-ऑफ, खेळतात, शेवटचे चार खाली उतरतात. हे डोक्यात बसलं की मार्चमधल्या मंगळवारी रात्री सोळाव्या क्रमांकावरच्या संघाशी होणारा सामनाही किती मोलाचा असतो ते उमगतं.

एफए, म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना, भरवते त्या एफए कपचंही तसंच. लोक जानेवारीत टीव्ही लावतात, पण ही स्पर्धा ऑगस्टमध्येच सुरू झालेली असते. मुख्य पहिल्या फेरीच्या आधी सहा फेऱ्या होतात. इस्थमियन प्रीमियरचे क्लब त्यांतल्या तिसऱ्या फेरीत उतरतात, आणि तिथून चार सामने काढले तरच लीग वन, लीग टूवाल्यांशी गाठ पडते. २०१९च्या नोव्हेंबरात हॅम्लेट त्या मुख्य फेरीपर्यंत पोचलं आणि आपल्या चॅम्पियन हिल मैदानावर कार्लाईलकडून १-४ हरलं. पात्रता फेरी जिंकली की एफएकडून बक्षिसाची रक्कम येते, आणि लहान क्लबच्या जमाखर्चात ती मोठी असते. सप्टेंबरमधला तो सामना चुकवू नका, असं तुम्ही का बजावायचात ते यावरून कळतं.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी पाहून आलेल्या आपल्या पोरांना इथली एक गोष्ट पहिल्यांदा झेपायची नाही. दोन्ही संघांचे पाठीराखे एकाच कठड्याला टेकून उभे! बहुतेक सामन्यांना प्रेक्षकांची वेगळी विभागणी नसते. त्यातून जागा बदलायची रीत आली. आपला संघ ज्या गोलवर चाल करतो त्या गोलच्या मागे आपण उभं राहायचं, आणि मध्यंतराला सगळ्यांनी मैदानाला वळसा घालून पलीकडे जायचं. गोम अशी की नाणेफेक जिंकणारा कर्णधार बाजू बदलायला लावू शकतो, आणि मग खेळ सुरू होण्याआधीच शे-दोनशे माणसं लगबगीनं चालायला लागतात. तुमचं म्हणणं असं की चहाचा पेला नाणेफेकीनंतर घ्यावा, नाहीतर अर्धा चहा सांडतो. मध्यंतराच्या रांगेबद्दलही तुमचा सल्ला सोन्यासारखा: ४०व्या मिनिटाला निघा, नाहीतर ५५व्याला परत याल.

खाण्यापिण्याचा विषय निघालाच आहे तर बोव्हरिलचं सांगितलंत त्याबद्दल वेगळे आभार. थंडीत सगळे वाफाळता कप घेऊन उभे असतात, रंग काळ्या चहासारखा, आणि नवखा माणूस बिनधास्त मागवतो. तो गाईच्या मांसाचा अर्क असतो हे आधी सांगणारं कुणी भेटत नाही. चिप्स तळायच्या तेलात आणखी काय तळतात ते विचारून घ्यावं, हेही शाकाहारी मंडळींना तुम्हीच सांगितलंत. काकूंच्या थालीपिठांचे डबे आणि स्टीलचा थर्मास यांनी कित्येक जणांचे हिवाळे निभावले आहेत.

थंडीचा बंदोबस्तही तुमच्याकडूनच शिकावा. स्टँडच्या पायऱ्या काँक्रीटच्या, आणि गारठा तळव्यांतून वर चढतो. अंगावर कितीही घातलं तरी पाय बधिर होतात. उपाय फुकटचा: खोक्याचा जाड पुठ्ठा पायाखाली टाकायचा. मोज्यांचे दोन जोड घालायचे असतील तर बूट एक नंबर मोठे हवेत, कारण घट्ट बुटात हवा राहत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी तीनच्या सामन्याच्या उत्तरार्धात अंधार पडत जातो. मुलांचे हातमोजे खिशात हवेतच.

पण सगळ्यात मोठं ऋण मैदानाबद्दलचं आहे. गवताच्या मैदानावरचा सामना आयत्या वेळी का पुढे ढकलला जातो, हे तुम्ही आमच्याकडून घोटवून घेतलंत. लंडनची माती चिकण. पाऊस थांबला तरी पाणी खाली उतरत नाही, वरच्या चार बोटांत अडकून राहतं. सामन्याच्या सकाळी पंच येऊन पाहणी करतात. चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडतात. तो उसळला नाही, जागीच थबकला, तर लक्षण वाईट. मग तो घरंगळवून बघतात. डबक्यात अडकला तर सामना होणं अवघड. गोठलेल्या मैदानात बुटाचे खिळे रुततात का ते पाहिलं जातं. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, स्टँडच्या सावलीतल्या पट्टीला ऊनच लागत नाही, म्हणून मधलं मैदान मऊ आणि कडेची पट्टी दगड अशी गत होते. ती एक पट्टी टणक राहिली तरी सामना होत नाही, कारण तिथे खेळाडू घसरला तर गुडघा कामातून जातो.

मैदानावर फोर्क मारायला, म्हणजे पाणी उतरावं म्हणून दात्यांच्या अवजारानं भोकं पाडायला, स्वयंसेवक हवेत असा निरोप आला की काय करायचं, तेही तुम्ही हातात फोर्क देऊन दाखवलंत. ग्राउंड्समननं सांगितल्याशिवाय गवतावर पाऊल टाकायचं नाही, हा पहिला नियम. चार दात्यांचा फोर्क १५ ते २० सेंटिमीटर खोल सरळ रोवायचा, दांडा किंचित मागे ओढून माती सैल करायची आणि सरळच वर काढायचा. उचकटला तर गवताचा गड्डा मुळांसकट वर येतो आणि ती जागा मोसमभर उघडी राहते. पुढचं भोक चार-पाच बोटांवर. मागे सरकत काम करायचं, म्हणजे केलेल्या जागेवर आपलाच पाय पडत नाही. घाईत लोक खराट्यानं पाणी ढकलतात. त्यानं वरचा चिखल लिंपला जातो, छिद्रं बुजतात आणि डबकं दोन पावलं पुढे सरकतं, एवढंच होतं. साचलेलं पाणी स्पंजाच्या रोलरनं टिपायचं, आणि भोकांत कोरडी, मध्यम जाडीची वाळू भरायची म्हणजे ती लगेच मिटत नाहीत. ओल्या मैदानावर जड रोलर तर मुळीच नको. सपाट दिसतं खरं, पण माती दाबून घट्ट होते आणि पुढच्या पावसात दुप्पट पाणी साचतं. गोलच्या तोंडाशी आणि लाइन्समन धावतात त्या कडेला काम आधी करायचं, कारण माती तिथेच सर्वांत जास्त तुडवलेली असते.

आणि हे सगळं कशासाठी, तर शनिवारचा सामना मंगळवारी रात्री गेला की माणसं कमी येतात. तिकीटबारीचे पैसे कमी, बारवरची विक्री कमी, पोरंबाळं तर येतच नाहीत. खेळाडूंचं मानधन मात्र द्यावंच लागतं. सकाळी दोन तास राबलेली दहा माणसं क्लबचा आठवडा वाचवतात. तिकीट काढणारा आणि क्लबला खांदा देणारा यांतला फरक आम्हाला तिथे कळला. मेडस्टोन युनायटेडनं २०१२ साली नव्या मैदानात कृत्रिम गवत घातलं, त्यामागेही पावसानं सामने जाऊ नयेत आणि आठवडाभर मैदान वापरात राहून चार पैसे यावेत, हाच हिशेब होता. तुम्हाला ते गवत आवडत नाही हे ठाऊक आहे. पण हिशेब तुम्हीच समजावलात.

बाहेरगावच्या सामन्यांचं तुमचं टिपण आता आमच्याकडे आहे, ते असं आहे. रेल्वेचं स्वस्तातलं, ठरावीक गाडीचं अॅडव्हान्स तिकीट काढू नये, कारण सामना रद्द झाला तरी पैसे परत मिळत नाहीत. यजमान क्लबच्या पानावर पाहणीचा निकाल बघावा, मगच ऑफ-पीक, म्हणजे गर्दीच्या वेळेबाहेरचं, परतीचं तिकीट घ्यावं. तीन ते नऊ जण एकत्र असतील तर रेल्वेच्या ग्रुपसेव्ह सवलतीत एक तृतीयांश सूट मिळते, फक्त सगळ्यांनी सोबतच प्रवास करायला हवा. लुईस क्लबचं मैदान, ड्रिपिंग पॅन, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. गवताचे उतार, मागे टेकड्या, आणि २०१७मध्ये पुरुष आणि महिला संघांना समान पैसे द्यायला सुरुवात करणारा हाच क्लब. हेस्टिंग्जचं मैदान, पायलट फील्ड, चढावर आहे, गुडघे दुखत असतील तर टॅक्सी करावी. कॅनव्ही आयलंडला रेल्वे जात नाही. बेनफ्लीटला उतरून बस धरावी, आणि परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवावी.

लहान मुलांना गोल्डन गोलचं तिकीट घेऊन द्यायची तुमची पद्धत आम्ही चालू ठेवू. घडी उघडली की आत एक मिनिट छापलेलं असतं, आणि पहिला गोल त्या मिनिटाला झाला तर बक्षीस. पोरगं ९०व्या मिनिटाचं तिकीट घेऊन रडायला लागलं की तोवर गोलशून्य सामना कसा मागायचा, तेही तुम्हीच शिकवावं!

इतिहासही तुम्ही कठड्याला टेकूनच सांगितलात. क्लब १८९३चा, पा विल्सन यांनी काढलेला, रंग गुलाबी आणि गडद निळा. हौशी संघांचा एफए अॅमॅच्युअर कप चार वेळा जिंकला: १९२०, १९३२, १९३४, १९३७. एडगर केल १९२९ साली याच क्लबचा हौशी खेळाडू असताना इंग्लंडकडून तीनदा खेळला. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं नाव आहे, आणि आजही गोलमागची मंडळी त्याचं नाव गातात. १९४८च्या ऑलिंपिकमध्ये जुन्या चॅम्पियन हिलवर मेक्सिको आणि दक्षिण कोरियाचा सामना झाला. त्याच स्पर्धेत आपला भारतीय संघ लंडनच्या दुसऱ्या टोकाला, इलफर्डला, फ्रान्सशी खेळला. बरेच जण अनवाणी होते. दोन पेनल्टी हुकल्या, रामननं बरोबरी साधली आणि शेवटच्या मिनिटांत १-२ हार झाली. हे सांगताना तुमचा आवाज चढतो, आणि तो चढलाच पाहिजे.

२०१८चं वर्ष मात्र तुम्ही आम्हाला केवळ सांगितलं नाहीत, त्यातून पार नेलंत. मार्चमध्ये जागेच्या वादातून क्लबला स्वतःच्या मैदानाबाहेर पडावं लागलं, क्लबच्या नावावरसुद्धा दुसऱ्यांनी हक्क सांगितला. टूटिंग अँड मिचम या दुसऱ्या क्लबनं आपलं मैदान दिलं. अशा वेळी गर्दी पांगते आणि क्लब त्यानंच संपतो, हे ओळखून तुम्ही गाड्यांच्या रिकाम्या जागांची यादी केलीत, कोण कुणाला कुठून घेणार ते दर शुक्रवारी रात्री कळवलंत. बादली फिरवून पैसे गोळा करायलाही उभे राहिलात: बादली सीलबंद, सोबत दुसरा माणूस, आणि मोजणी दोघांसमोर. मे महिन्यात त्याच उसन्या मैदानावर हेंडनला पेनल्टींवर हरवून हॅम्लेट वरच्या पायरीवर गेलं आणि डिसेंबरात चॅम्पियन हिलवर परतलं. २०२३ला पुन्हा खाली यावं लागलं, तरी तुमच्या नेमात खंड पडला नाही.

आता कामाचं. शुक्रवारची गाड्यांची यादी आणि सकाळच्या पाहणीचा निरोप आम्ही तिघांनी वाटून घेतलाय. फोर्क तुमच्या शेडमधून उचलले आहेत, दाते तेल लावून ठेवलेत. तिकडे नॉर्दर्न प्रीमियरची, म्हणजे सातव्या पायरीवरच्या उत्तरेकडच्या विभागाची, मैदानं तुमच्या जवळ येतील. स्टेशनपासून अंतर, चहाची टपरी कुठल्या कोपऱ्यात, सावली कुठल्या बाजूला पडते, हे पहिल्यासारखं टिपून पाठवा. एफए ट्रॉफी या नॉन-लीग क्लबांच्या कपच्या सुरुवातीच्या फेऱ्या विभागवार असतात, पण पुढे टिकलो तर उत्तरेचा क्लब वाट्याला येऊ शकतो. तसं झालं तर पंचांची पाहणी किती वाजता आहे ते तुम्ही कळवायचं. आम्ही ग्रुपसेव्ह काढून येतो.

काकूंना नमस्कार.

आपले,
चॅम्पियन हिलच्या कठड्यावरची मराठी मंडळी