ऱ्हिम्नीच्या घंटा आणि तुझा डफ

कार्डिफ,
१६ नोव्हेंबर

प्रिय दिन्या,

रविवारी द बर्ड्स या अमेरिकन रॉक बँडच्या 'द बेल्स ऑफ ऱ्हिम्नी'वर बोलून फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "पार साखरेच्या पाकात घोळलं रे गाणं. खाणमजुराचं रडणं असं गोड असते का बे?" त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आठवडाभर डोक्यात तेच. म्हणून आता पत्रच लिहायला बसलोय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे दुसरं कारण.

आधी गाण्याची कुळकथा, कारण तू नुसताच चिडला होतास. 'द बेल्स ऑफ ऱ्हिम्नी'चे शब्द इद्रिस डेव्हिसचे. हा ऱ्हिम्नीचाच, म्हणजे वेल्समधल्या खाणींच्या गावचा, जन्म १९०५चा. चौदाव्या वर्षी खाणीत उतरला, अपघातात एक बोट गमावून बसला. १९२६ साली ब्रिटनभर सार्वत्रिक संप झाला. तो नऊ दिवसांत मिटला, पण खाणमजूर पुढे कित्येक महिने एकटेच लढत राहिले आणि शेवटी हरले. इद्रिसचं काम गेलं ते कायमचंच. मग घरी बसून अभ्यास केला, मास्तर झाला, आणि १९३८ साली त्या काळावर एक दीर्घ कविता छापली. तिच्या नावाचा अर्थ साधारण 'ओसाड वेल्स'. त्यातला एक तुकडा अमेरिकेच्या पीट सीगरने बँजो-गिटारवाल्या लोकगायकांच्या पठडीत चालीवर बसवला, आणि १९६५ साली द बर्ड्सने तो आपल्या पहिल्या अल्बममध्ये घेतला.

त्या तुकड्याची घडण तुला आवडेल. लहानपणी आपण दोघं हात जोडून कमान करायचो आणि 'संत्रं लिंबू पैशापैशाला' म्हणत पोरांना खालून जाऊ द्यायचो, आठवतं? इंग्रजांकडेही संत्र्या-लिंबांचं तसंच एक खेळगाणं आहे. त्यात लंडनच्या चर्चच्या घंटा एकमेकींशी देण्याघेण्याच्या गोष्टी करतात. इद्रिसने तोच साचा उचलला आणि त्यात वेल्सची गावं बसवली. एका गावच्या घंटा विचारतात, खाणमालक कोणी घडवला? पुढच्या गावच्या विचारतात, मजुराला लुटलं कोणी? (गाण्यात त्या 'लुटलं'चं 'मारलं' झालं.) म्हणजे पोरखेळाच्या चालीत सरळ फिर्याद. गोडवा मुळातच आहे रे, बर्ड्सने बाहेरून आणलेला नाही.

आता गिटारचं. बर्ड्सच्या रॉजर मॅग्विनची बारा तारांची रिकनबॅकर कंपनीची गिटार. बहुतेक तारांच्या जोडीत एक तार सप्तकभर वर, त्यामुळे एक सूर छेडला की दोन वाजतात. त्यात रेकॉर्डिंगच्या वेळी आवाज दाबून सारखा केलेला, म्हणून सूर पटकन मरत नाही, घुमत राहतो. हेडफोन लावून पहिले पाच-सहा सेकंद ऐक. ती घंटाच आहे. सीगर ऐकताना मला घंटांबद्दल सांगणारा माणूस ऐकू येतो. इथे घंटा ऐकू येतात. (जॉर्ज हॅरिसनने त्याच वर्षी ही धून उचलून बीटल्सचं एक प्रेमगीत केलं. ते मात्र खुशाल पाकात घोळलेलं म्हण, माझी हरकत नाही.)

आणि आवाज. बर्ड्समधले तिघं इतके मिसळून गातात की कोण बोलतंय ते कळतच नाही. तुझी तक्रार हीच होती ना, की कोणाचाच राग दिसत नाही? मला आपल्या घुग्गुसच्या कोळसा खाणीचा भोंगा आठवला. पाळीचा नव्हे. अवेळी वाजायचा तो. बाबा खाली असताना एकदा दुपारी वाजला होता, तेव्हा आई पिठाच्या हातांनीच फाटकापर्यंत धावली होती. रात्री बाबा अंघोळ करून जेवायला बसले, तरी डोळ्यांच्या कडांना काजळासारखी काळी रेघ होतीच. कोणी काही बोललं नाही. त्या भोंग्यात राग नव्हता, रडणंही नव्हतं, पण सगळी कॉलनी रस्त्यावर आली होती. हे गाणं मला तसं ऐकू येतं. मधे शब्द थांबतात आणि नुसता 'आ'कार चालतो, तिथे तर फारच.

तुझं एक मान्य. मजुराला मारलं कोणी, ही ओळ ते इतर ओळींइतक्याच गुळगुळीतपणे म्हणून पुढे जातात. तिथे तुझ्या डफावर एक कडक थाप हवी होती. सीगर तिथे उजवा.

गेल्या शनिवारी मी प्रत्यक्ष ऱ्हिम्नीला जाऊन आलो. इथून रेल्वे थेट तिथपर्यंत जाते, तासाभराचं अंतर, ते शेवटचंच स्टेशन. खाणी केव्हाच बंद झाल्या. डोंगर हिरवेगार, पाऊस चालू, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चहाच्या दुकानातल्या बाईंना मी 'रिम्नी' म्हटलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "रम्नी!" बर्ड्स गाणंभर 'रिम्नी'च म्हणतात. कॅलिफोर्नियातली पोरं, त्यांना कोण सांगणार? पण आपल्या गावाला कोणी 'गुग्गस' म्हटलं की तुझा पारा कसा चढतो, ते आठवून मलाही हसू आलं.

डिसेंबरात वीस दिवस येतोय. गाण्याची चाल मी बसवतोय, शब्द मराठीत तू कर. गावं आपली घाल, घुग्गुस, माजरी, बल्लारपूर. आणि डफ शेकून ठेव, मागच्या वेळी पार ढिला पडला होता.

तुझाच,
पम्या