दोन, आठ की सत्तावीस?

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. मिठाच्या युनिट सेलमध्ये, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या घनात, अणू किती, यावर तू अडलास. चित्रात मोजलेस तर 27, पुस्तक म्हणतं 8, आणि अणूंच्या स्थानांच्या यादीत ओळी दोनच. तिन्ही आकडे बरोबर आहेत. मीही नेमका इथेच कितीतरी दिवस अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी 27. चित्रकार घनाच्या कोपऱ्यांवर, कडांवर, पृष्ठांवर येणारा प्रत्येक गोळा अख्खा काढतो. पण कोपऱ्यावरचा गोळा आठ सेलमध्ये सामाईक असतो, कडेवरचा चार आणि पृष्ठावरचा दोन सेलमध्ये. सोडियमचे 8 कोपरे मिळून एक आणि 6 पृष्ठं मिळून तीन, म्हणजे 4. क्लोरीनचे 12 कडांवरून तीन आणि मधला एक, तेही 4. झाले 8.

मला मात्र ही वाटणी कधीच आवडली नाही. अणू कापायचे कशाला? निर्देशक वापर. सेलची बाजू 1 धरली की प्रत्येक अणूचं स्थान तीन अपूर्णांकांत सांगता येतं. नियम एवढाच: शून्य चालेल, एक चालणार नाही. (1, 0, 0) हा (0, 0, 0) चाच शेजारच्या सेलमधला जोडीदार, म्हणून तो मोजायचा नाही. कुठे −¼ दिसला तर एक मिळवून ¾ कर, जागा तीच. असं मोजलंस की कुठलाही अणू न कापता 8 च उरतात.

आता दोन ओळी: सोडियम (0, 0, 0), क्लोरीन (½, ½, ½). उरलेली सहा स्थानं सममितीतून निघतात. जालक, म्हणजे पुनरावृत्तीच्या बिंदूंची मांडणी, इथे पृष्ठकेंद्री आहे: कोपऱ्यांबरोबर प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावरही बिंदू. म्हणून दोन्ही ओळींत (½, ½, 0), (½, 0, ½), (0, ½, ½) मिळवत जा. क्लोरीनला (½, ½, 0) मिळवलंस की (1, 1, ½) येतं, म्हणजेच (0, 0, ½), कडेच्या मधोमध. हे एकदा स्वतः कागदावर करच; वाचून ते हातात येत नाही.

जालक आणि अणू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच होतो. जालक म्हणजे नुसते बिंदू, पुनरावृत्तीचा नियम. त्या प्रत्येक बिंदूशी काय टांगायचं, ते वेगळं ठरतं. सीझियम क्लोराइड बघ. कोपऱ्यावर क्लोरीन, मध्यभागी सीझियम, म्हणून तू त्याला अंतःकेंद्री म्हटलंस. पण अंतःकेंद्री जालकात मधला बिंदू कोपऱ्यासारखाच हवा, लोखंडात असतो तसा. इथे मध्यावर वेगळाच अणू आहे, म्हणून जालक साधं घनाकृती, आणि प्रत्येक बिंदूशी दोन अणूंची जोडी.

सेल कुठून सुरू करायची, हेही आपणच ठरवतो. आरंभबिंदू क्लोरीनवर नेलास तर सगळे आकडे बदलतील, स्फटिक तसाच राहील.

1913 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांवरून मिठाची ही रचना उलगडली. सोडियम-क्लोरीनची वेगळी जोडी, म्हणजे मिठाचा रेणू, त्यात सापडलाच नाही! प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, सगळे सारख्याच अंतरावर. हे मला आजही विलक्षण वाटतं. दोन वर्षांनी वडिलांबरोबर नोबेल मिळालं तेव्हा तो 25 वर्षांचा होता.

आणि 8 वर अजून विश्वास बसत नसेल तर घनता काढ. सेलची बाजू 5.64 अँगस्ट्रॉम घे (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), तिचा घन कर, त्यात NaCl च्या चार जोड्यांचं वस्तुमान बसव. 2.16 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येतं, आणि मिठाची मोजलेली घनताही तीच. चारऐवजी दुसरा कुठलाही आकडा घालून बघ, जमणार नाही.

पुढच्या पत्रात हिरा करून पाठव. तेच पृष्ठकेंद्री जालक, कार्बन (0, 0, 0) आणि (¼, ¼, ¼) वर, बाजू 3.57 अँगस्ट्रॉम. सेलमध्ये अणू किती आणि दोन शेजाऱ्यांतलं अंतर किती, एवढंच सांग. अंतर 1.54 च्या आसपास आलं की लगेच कळव.

तुझा,
अनिल