रंगाआधी बंबाचा पंप पाहा

संपादक महोदय,

14 एप्रिलचा अग्निशमन सेवा दिन जवळ आला की चौथऱ्यावरच्या जुन्या बंबांना लाल रंगाचा नवा हात बसतो. तो पितळी घंटेवर, ग्रीस भरायच्या निपलांवर आणि चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) नंबरपट्टीवरही फिरतो, याचे वाईट वाटते. पट्टी बुजली की बंब कोणी, कधी बनवला हे शोधायचे कशावरून?

बंबाचा जीव पंपात असतो. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या डेनिस कंपनीने 1908 साली ब्रॅडफर्ड शहराला आपला पहिला बंब दिला, त्याला सेंट्रिफ्यूगल, म्हणजे फिरत्या चक्राने पाणी बाहेर फेकणारा पंप होता. बंब बनवणाऱ्या मेरीवेदर या दुसऱ्या इंग्लिश कंपनीचा हॅटफिल्ड पंप पिस्टनचा. डेनिसच्या पंपात झडपा नसल्याने गढूळ पाणी चाले आणि नोझल एकदम बंद केले तरी दाब बेताबाहेर चढत नसे. मात्र त्याला कोरड्यावर पाणी ओढता येत नाही. आधी प्रायमरने, म्हणजे हवा ओढणाऱ्या छोट्या पंपाने, आतली हवा काढावी लागते. जुने पंप अडतात ते बहुधा इथेच.

तपासणी सोपी आहे. पंप पूर्ण रिकामा करून सक्शनच्या (पाणी आत घ्यायच्या) तोंडाला टोपी लावावी, डिलिव्हरी (पाणी बाहेर सोडायची तोंडे) बंद ठेवाव्यात आणि प्रायमरने पाऱ्याच्या 24 इंचांपर्यंत व्हॅक्यूम चढवावा. प्रायमर थांबवल्यावर मिनिटभरात व्हॅक्यूम गेजचा काटा 10 इंचांहून जास्त उतरला तर गळती आहे. आधी टोपीचा वॉशर पाहावा, मग ड्रेन कॉक (पंपातले पाणी सोडायची तोटी), शेवटी ग्लँड, म्हणजे शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथला सांधा. ग्लँडचे ग्रॅफाइट पॅकिंग करकचून आवळू नये. पंप चालताना तिथून थेंब थेंब पाणी पडलेच पाहिजे, नाहीतर शाफ्ट जळून त्यावर चरे पडतात. कोरडा पंप तर फिरवत ठेवूच नये.

डेनिसच्या एफ-12 या बंबात रोल्स-रॉइसचे बी-80, 8 सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असे. असले इंजिन वर्षानुवर्षे उभे राहिले की पिस्टनच्या रिंगा चिकटतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडावे, दिवसभर मुरू द्यावे आणि इंजिन हातानेच हळू फिरवावे. अडले तर जोर लावू नये. टाकीतले शिळे पेट्रोल काढून टाकावे. त्याचा चिकटा कार्बुरेटरच्या जेटमध्ये बसतो.

जुन्या बॉडीचा सांगाडा बहुतेक अ‍ॅश लाकडाचा असतो. पत्र्याखाली पाणी मुरले की तो आतून कुजतो, आपल्याकडे वाळवीही लागते. दाराच्या बिजागरीजवळ टोचा मारून पाहावा, मगच रंगाचा डबा उघडावा.

आपले नम्र,
जुन्या बंबांची देखभाल करणारे काही तंत्रज्ञ