शैलीस, न्यूटनहून

न्यूटन, कॅन्सस
रविवार, रात्री उशिरा

प्रिय शैले,

तू पडलीस हे मला विजयाकडून कळलं, तेही दोन महिन्यांनी. न्हाणीत पडलीस, रात्रभर तशीच होतीस, सकाळी दूधवाल्यानं कडी वाजवली तेव्हा कुठं कुणाला पत्ता लागला. विजया बोलता बोलता सांगून गेली, तिला वाटलं मला ठाऊक असणारच. फोन ठेवला आणि मी ओट्याशी तशीच उभी राहिले. भाजी करपली तरी हलले नाही. दोन वर्षं मी तुला लिहिलं नाही. अण्णा गेले तेव्हासुद्धा चार ओळींचा मेसेज टाकून मोकळी झाले. तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी मध्यरात्री धावलीस, आणि तुझ्या हाकेला ओ द्यायला कुणी नव्हतं. मला झोप लागत नाही गं.

मी बरी आहे. साखर जरा वर, गुडघा कुरकुरतो. झालं.

तुला सिस्टर फ्रीडा आठवते? इथं आल्यावर पहिल्याच वर्षी मी तुला तिच्यावर सहा पानं लिहिली होती. तुझं उत्तर आलं एका ओळीचं : ‘तुला जर्मन बाई सापडली, इथली नाही दिसली.’ मी महिनाभर रुसले होते. ते पत्र अजून माझ्याकडे आहे, मिरजेच्या होस्टेलमधल्या त्या पत्र्याच्या पेटीत. (हो, पेटी तुझीच. परत मिळणार नाही.) आज ती गोष्ट तुला पुन्हा सांगायची आहे, कारण तेव्हा मी ती चुकीची सांगितली होती.

तेव्हा लिहिलं होतं ते असं : जर्मनीतल्या बाडेनमधल्या हागेन गावात १८८३ साली जन्मलेली पोर, १८९२ मध्ये आईबापांबरोबर इथं जवळच हॉल्स्टेडला आली. मेनोनाइट माणसं, म्हणजे युद्धाला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची. त्यांच्यातले बरेच रशियातून आलेले, १८७४ च्या सुमारास, लाल गव्हाचं बियाणं बरोबर घेऊन. आपल्याकडे मंगळवेढ्याची ज्वारी म्हणतात ना, तसा यांचा हा गहू, घराण्याचं नाव घ्यावं तसं त्याचं नाव घेतात. मोठी झाल्यावर फ्रीडानं ठरवलं की लग्न करायचं नाही, आजाऱ्यांची सेवा करायची. सिनसिनाटीला जाऊन शिकली, परत आली, आणि १९०८ पासून १९४४ मध्ये जाईपर्यंत न्यूटन नावाच्या या रेल्वेच्या गावात राहिली. पगार घेतला नाही. मी तेव्हा हे लिहिलं ते एका बाईचं, एका दिव्याचं म्हणून. वाचताना मनात म्हटलंही होतं, ही तर आपली शैलीच. तुला कळवलं मात्र नाही. कळवायला हवं होतं.

आता नीट ऐक. ११ जून १९०८ ला न्यूटनमधल्या फ्रीडाच्या इस्पितळाचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी दीक्षा घेतली ती फ्रीडानं एकटीनं नव्हे. कॅथरीन व्होट आणि आयडा एप, अशा तिघी होत्या. त्यांच्यात या व्रताला डीकोनेस म्हणतात. ही चाल जर्मनीत कैझर्सवर्थला १८३६ मध्ये सुरू झाली, आपल्या पुस्तकातल्या नाइटिंगेलबाई तिथंच तर शिकायला गेल्या होत्या. आणि इस्पितळाचं नाव काय, तर ‘बेथेल डीकोनेस होम अँड हॉस्पिटल’. होम आधी गं, हॉस्पिटल मागून! इतकी वर्षं हे नाव मी वाचत आले आणि मला दिसलं नाही. सिस्टरांना पगार नव्हता, पण घर होतं. एकत्र जेवण, कपडालत्ता, हातखर्च, आणि हातपाय थकले की त्याच घरात मरेपर्यंत सांभाळ. वाकून वाकून पाठ गेली तर पाठीला तेल लावायला दुसरी सिस्टर. फ्रीडानं छत्तीस वर्षं सेवा केली ती त्या घराच्या बळावर. मी तुला दिवा दाखवला, कोनाडा दाखवलाच नाही.

हे घर उभं करायची कल्पना डेव्हिड गॉर्त्झ नावाच्या धर्मोपदेशकाची, तोही रशियातून आलेला जर्मन. दुष्काळग्रस्तांना मदत पोचवायला १९०० साली तो आपल्या देशात येऊन गेला होता. संवत १९५६ चा, म्हणजे छप्पनचा दुष्काळ, तुझी आजी सांगायची तोच! मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदा तुलाच फोन करावासा वाटलं होतं. केला नाही.

आणि गावानं या लोकांना नेहमी डोक्यावर घेतलं असंही नाही. ११ नोव्हेंबर १९१८, युद्ध संपल्याचा दिवस. जवळच्या बर्टन गावात जमावानं एका मेनोनाइट शेतकऱ्याला पिवळ्या रंगानं माखलं, कारण तो युद्धरोखे घेत नव्हता. फासावर द्यायला निघाले होते. कसाबसा वाचवून न्यूटनच्या तुरुंगात आणला. त्याच गावात या बाया जर्मन नावं लावून आजाऱ्यांचे बिछाने बदलत होत्या. एकटीनं हे सोसवलं असतं का?

माझ्या वॉर्डात एक म्हातारी होती, नव्वदीची, गेल्या आठवड्यात गेली. तिचा जन्म त्या जुन्या इस्पितळातला. शेवटच्या रात्री माझा हात धरून म्हणाली, सिस्टर फ्रीडाची पांढरी टोपी आठवते, लहानपणी मला वाटायचं देवाघरी सगळे तशीच टोपी घालतात. मी हसले, मग तिथंच रडले. तुझीही टोपी आठवली मला, तू खळ घालून इतकी ताठ करायचीस की मेट्रन म्हणायची, डोकं फुटलं तरी टोपी फुटणार नाही.

शैले, आपण दोघींनी ठरवलं होतं. जतकडे जायचं, दोघींनी, एकाच उपकेंद्राच्या आसपास खोली घ्यायची. मी गेले इकडे, आणि तू एकटी गेलीस. स्टेशनवरही आली नाहीस मला सोडायला, त्याचा राग मी पंचवीस वर्षं धरला. आता कळतं, तू का आली नाहीस. मी पैसे कमवायला गेले याचा राग नव्हता तुझा. तुझ्या घराची दुसरी भिंत मी काढून नेली होती.

लेक म्हणते डॅलसला ये. तिचं घर मोठं आहे, नातू गोड आहे. पण मला रात्री तुझ्या दाराची कडी ऐकू येते.

भाच्याचं लग्न झालं ना? सून नोकरी करते म्हणे, छान. पेन्शनचं काम अडलेलं सुटलं का? मोतीबिंदूची तारीख घेतलीस की अजून ‘बघू’?

जानेवारीत येते, मार्चअखेरीपर्यंत. पाहुणी म्हणून नाही. हुरड्याच्या दिवसांत आपण दोघी बसून बोलू, माझी निवृत्ती जूनमध्ये आहे, त्यानंतर कुणी कुठं राहायचं ते. तू आधीच नाही म्हणू नकोस. मिरजेपर्यंत मी रेल्वेनं येईन, तू स्टेशनवर यायचं नाही, पाय अजून बरा नाही. तसंही तुला स्टेशनवर यायची सवय नाही!

आणि हे पत्र मिळाल्या दिवशी गवंड्याला बोलाव. न्हाणीच्या भिंतीत धरायला लोखंडी दांडी बसव, जमिनीपासून पावणेतीन फुटांवर, मोरीच्या बाजूला. गुळगुळीत स्टीलची नको, ओल्या हातातून निसटते. पैसे विजयाकडे दिलेत.

तुझी,
मंगल